पावसात दाबलेली पाठ

“शपथ घ्या,” मी म्हणाले.

पप्पा, म्हणजे माझे सासरे, मागच्या बावखलाच्या पायरीवर बसून नखांत अडकलेला सरस काडीने खरवडत होते. बावखल म्हणजे आमच्या वसईकडचं बागेतलं तळं. केळींना पाणी त्याचंच, आणि घरात बोलता येणार नाही असं काही असलं तर ते बोलायची जागाही तीच. घरात सिरिल झोपला होता. मी त्याला मुंबईच्या हॉस्पिटलातून घेऊन नुकतीच परतले होते. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावून जे सांगितलं, ते तीन तास पोटात ठेवून घरापर्यंत आणलं होतं.

“कसली शपथ?”

“सिरिलला काही कळता कामा नये. त्याला कावीळ झालीय. जुनी, चिवट कावीळ. कोणी विचारलं तरी हेच सांगायचं.”

“आणि खरं काय आहे?”

मी सांगितलं. स्वादुपिंडात गाठ, लिव्हरपर्यंत पोचलेली. कापून उपयोग नाही. तीन महिने, फार तर चार. हे मी भूगोलाचा धडा वाचावा तसं सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात सांगायला गेले असते तर तिथेच बसकण मारली असती. पप्पांची काडी थांबली. 

“मला खोटं बोलता येत नाही, मिना.”

“खोटं बोलू नका. गप्प बसा. ते तर जन्मभर जमलंय तुम्हाला.”

माझ्या जिभेला तेव्हाही हाड नव्हतं. शाळेत मास्तरीण, त्यात घरात दुसरी बाई नाही. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. बाप-लेक दोघेही लाकडाशी जास्त बोलणारे, त्यामुळे घरातलं सगळं बोलणं माझ्याच वाट्याला आलेलं. पप्पांनी गळ्यातला क्रूस मुठीत धरला आणि म्हणाले, “तोंडातून शब्द काढणार नाही.” मग उठून शेडमध्ये गेले आणि रंधा घेतला. काय तासत होते देव जाणे, पण संध्याकाळपर्यंत आवाज येत होता.

बस्त्याव तुस्कानो हे नाव आमच्या पट्ट्यातल्या वाजवणाऱ्यांना ठाऊक होतं. लग्नांतले बँडवाले, चर्चच्या गायनमंडळातली पोरं, मधूनच मुंबईचा कोणी केसांची शेपटी बांधलेला गृहस्थ, असे लोक अंगणापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये यायचे. तिथे बाप-लेक गिटारी बांधायचे. वर्षाला दहा-बारा, त्यावर एक नाही. सिरिल अठराव्या वर्षी बापाच्या हाताखाली बसला आणि चौतिसाव्या वर्षी बापाच्या पुढे गेला होता. पप्पा हे त्याच्या तोंडावर कधी म्हणाले नाहीत. मला दोनदा म्हणाले.

गिटारची पुढची फळी सगळे बघतात, कौतुक करतात. पाठ कोणी बघत नाही. मीही लग्न होऊन या घरात येईपर्यंत समजत होते की पाठ सपाट असते. ती सपाट नसते. तळहात फिरवला तर कळेल इतकी हलकी फुगीर असते, आणि आवाजातला अर्धा गोडवा त्या फुगवट्यात असतो असं पप्पांचं म्हणणं. सपाट पाठीच्या गिटारला ते नुसती पेटी म्हणायचे. त्या फुगवट्यासाठी त्यांनी फणसाच्या लाकडाची एक मोठी परात कोरून घेतली होती. मधोमध तिची खोली अर्ध्या बोटाएवढीसुद्धा नव्हती. शिसवीच्या दोन पातळ फळ्या जोडून पाठ करायची, बाहेरची बाजू खाली करून ती परातीत ठेवायची, आतून चार आडव्या पट्ट्या सरसाने चिकटवायच्या आणि वरून बांबूच्या कामट्या वाकवून दाब द्यायचा. दोन दिवसांनी काढली की पाठीने परातीचा बाक घेतलेला असतो. शेडमध्ये याला ‘पाठ दाबणं’ म्हणत.

आणि पाठ दाबायची ती नाताळ ते ईस्टर, एवढ्याच दिवसांत. पावसाळ्यात लाकूड पाणी पिऊन फुगलेलं असतं. तसं असताना पट्ट्या चिकटवल्या तर थंडीत लाकूड आकसायला बघतं, पट्ट्या आकसू देत नाहीत, आणि मग पाठ आत बसते नाहीतर उभी फाटते. शेडच्या खिडकीत कायम एक मिठाची वाटी असायची. मीठ मोकळं असलं तर पाठीला हात लावायचा, ओलसर असलं तर दुसरं काम बघायचं. एकदा एका बँडवाल्याने गणपतीच्या आधी गिटार हवी म्हणून फार गळ घातली, तर पप्पांनी त्याला सरळ वाटी दाखवली आणि दार लावून घेतलं. सोळा वर्षांत हा नियम मोडलेला सिरिलने एकदाही पाहिला नव्हता.

त्या वर्षी नाताळानंतर सिरिलने पहिल्यांदा स्वतःसाठी गिटार घेतली बांधायला. इतकी वर्षं लोकांना बांधून दिल्या, त्याच्याकडे स्वतःची म्हणून एक नव्हती. वाजवायचा ती कोणाची तरी दुरुस्तीला आलेली. आठ वर्षं जपलेली शिसवी त्याने काढली. पुढची फळी झाली, बाजू वाकवून झाल्या, मान झाली, पाठीच्या दोन फळ्या जोडून घासून झाल्या. आणि ईस्टरआधीच्या उपासकाळातच त्याच्या पोटात दुखायला लागलं. डोळे पिवळे झाले. पाठ दाबायची राहिली ती राहिलीच, आणि गिटार शेडमध्ये उघड्या पेटीसारखी पडून राहिली.

जून संपला तसं आमचं नाटक सुरू झालं. मी नाटक म्हणते, कारण त्यात मला खूप मेहनत पडली. हॉस्पिटलची फाइल मी शाळेच्या कपाटात नकाशांच्या गुंडाळ्यांखाली ठेवली. ज्या जवळच्या नातेवाइकांना सांगावंच लागलं त्यांना बजावलं की घरात येऊन डोळे पुसायचे नाहीत. फादरांना जाऊन सांगितलं की आजाऱ्याला लावायचं ते पवित्र तेल घेऊन येऊ नका, तो घाबरेल. नुसते भेटायला या, क्रिकेटवर बोला. फादर म्हणाले, “हर्मिना, त्याचाही काही हक्क असतो.” मी म्हटलं, “फादर, नवरा माझा आहे.”

काविळीचं पथ्य मी अगदी कडक पाळलं. तेल नाही, मसाला नाही. दुधी उकडून, भात मऊ करून. जुलैत एका रविवारी शेजारून इंद्यालाचा वास आला तर सिरिल उठून बसला.

“एक फोड मागून आण ना गं.”

“काविळीत डुकराचं मटण? डोकं ठिकाणावर आहे का?”

“एक फोड खाल्ल्याने काय मरतोय मी.”

मी हसले. मला त्या दिवसांत हसायची फार सवय झाली होती. “मरणार नाहीस, पण आणखी महिनाभर लोळत राहशील,” म्हणाले आणि दुधी पुढे केला. त्याने निमूट खाल्ला.

आणि मी रजा घेतली नाही. हे मला मुद्दाम सांगायचंय. मुख्याध्यापक स्वतःहून म्हणत होते, घे म्हणून. पण मी घरी बसले असते तर त्याला संशय आला असता. साध्या काविळीला कुठली बायको शाळा सोडून उशाशी बसते? म्हणून रोज सकाळी सातला केस विंचरून, पर्स घेऊन, “येते रे” म्हणून निघायची आणि चर्चच्या भिंतीपर्यंत पोचले की थांबून रडून घ्यायची. मग तोंड पुसून पाचवी अ च्या वर्गावर जायची.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी शाळेतून आले तर सिरिल खाटेवर बसला होता आणि ती जोडलेली पाठ त्याच्या मांडीवर होती. पप्पांकडून मागवून घेतली होती म्हणे. तिच्यावरून हात फिरवत होता. मनगटं अशी झाली होती की घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं.

“बघ,” तो म्हणाला आणि बोटाच्या पेराने मधोमध ठोकलं. “बघितलंस कसं बोलतंय? आत्ता ओलं आहे तरी. नाताळ उरकला की लगेच दाबू. मग मी तुला पहिलं गाणं वाजवून दाखवीन, आणि तू नेहमीसारखी वह्या तपासत बसशील.”

“नाही तपासणार.”

“तपासशील. मला माहितीय ना.”

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ मोठा सोडला. नाताळ. बोटांवर महिने मोजले तरी नाताळ कुठेच बसत नव्हता. तेव्हाच मी मनात घेतलं की काहीही होवो, ती गिटार याच्या हातात आली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर शेडमध्ये गेले. पप्पा एका मानेला पॉलिश कागद मारत होते.

“पप्पा, सिरिलची पाठ दाबा.”

त्यांनी खिडकीतल्या वाटीकडे नुसता हात केला. मिठाचं पाणी झालं होतं.

“दिसतंय मला. तरी दाबा.”

“बसेल ती.”

“बसू दे.”

“फाटेल, मिना. शिसवी आहे. जानेवारीत उभी फाटेल.”

“जानेवारीत बघायला कोण असणार आहे?”

मी हे बोलून गेले. हे वाक्य आम्ही दोघांनी दीड महिना टाळलं होतं आणि आता ते आमच्यामध्ये उभं होतं. पप्पांच्या तोंडाकडे बघवेना. ते म्हणाले, “तू जरा नीट विचार कर. पावसात पाठ दाबायची म्हणजे नुसतं लाकडाचं नाही गं.” मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. म्हणाले, तुमचा नियम तुमच्यापाशी ठेवा, तुम्हाला पोरापेक्षा गिटार मोठी झालीय, एकदा तरी त्याला वाजवू द्या. आणखीही बरंच बोलले. मला बोलायला लागल्यावर थांबता येत नाही.

पप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठले, परात खाली काढली आणि फडक्याने पुसायला लागले.

दोन दुपारी आम्ही ते काम केलं. सिरिल औषधाच्या गुंगीत झोपलेला असायचा. पप्पांनी शेगडी पेटवली, लाकूड तिच्या उबेला धरलं, पण शेडच्या बाहेर धो धो पाऊस आणि आत एक शेगडी. तिने काय होणार होतं. चार पट्ट्यांच्या खालच्या कडा परातीतल्या काचकागदावर घासून घासून बाकदार करायच्या होत्या. पट्टी परातीला सगळीकडून नीट टेकते की नाही हे बघायला तिच्या कडेला खडू फासतात. मी शाळेतले खडू नेले होते. जिथे खडू पुसला जाईना तिथे खोलगट जागा आहे असं समजायचं आणि पुन्हा घासायचं. पप्पांचा हात एरवी दगडासारखा स्थिर, पण त्या दिवशी एक पट्टी त्यांनी वाया घालवली. मग सरस लावला, पट्ट्या बसवल्या, आणि मी एकेक कामटी हातात देत गेले. त्या वाकवून, परातीच्या वर आडव्या ठोकलेल्या फळीला टेकवून, ते दाब देत गेले. वीस-बावीस कामट्या झाल्या. मला बरं वाटत होतं, काहीतरी केल्यासारखं. ते बरं वाटणं अजून आठवतं आणि स्वतःचीच लाज वाटते.

स्वातंत्र्यदिनाला झेंडावंदन करून मी नऊ वाजताच घरी आले आणि तशीच शेडमध्ये गेले. पाठ अजून परातीतच होती. पप्पा कामट्या तपासत होते. एवढ्यात दारात सावली पडली. सिरिल उभा होता. तीन आठवडे तो अंगण ओलांडून आला नव्हता. चौकटीला धरून, छातीचा भाता हलवत उभा.

“कोणाची?” त्याने विचारलं.

“तुझी,” पप्पा म्हणाले.

सिरिलने कामट्या बघितल्या. मग खिडकीतल्या वाटीकडे बघितलं.

मी लगेच पुढे झाले. तोंड भरून हसले. “पप्पांनी शेगडी लावून लाकूड सुकवलंय. म्हटलं, नाताळापर्यंत कशाला थांबायचं, तू बरा होतोयस तर तुला हाताला काहीतरी हवं. तुला सांगणार नव्हतो, पण तू आलासच.”

“हो का,” तो म्हणाला. “बरं केलंत.”

मग सावकाश चालत आला, कोपऱ्यातली एक कामटी बोटाने चाचपली. “ही निसटेल,” म्हणाला आणि ती नीट बसवली. पप्पांनी स्टूल पुढे केलं, त्यावर बसला. जरा दम खाऊन माझ्याकडे बघून हसला.

“मिना, चहा टाक ना. तिघांना.”

मी खुशीत गेले. आलं किसून घातलं. माझं नाटक पार पडलं म्हणून मनात देवाचे आभार मानले. नियम मला माहीत होता, सहा वर्षं ती मिठाची वाटी मी बघत होते. पण माझ्या लेखी तो लाकडाचा नियम होता. चहा घेऊन आले तर दोघे शेजारी शेजारी बसून परातीकडे बघत होते. पप्पांचे डोळे लाल दिसले. शेगडीच्या धुराने असतील असं मी धरून चालले.

पाठ बसवून, तारा चढवून गिटार तयार झाली. पॉलिश केलं नाही, वेळ नव्हता. आठ सप्टेंबरला, मतमाउलीच्या सणाला, नवी भाताची लोंबी चर्चमधून आशीर्वाद घेऊन घरी आणली आणि त्या सकाळी सिरिलने गिटार मांडीवर घेतली. आमच्याकडच्या लग्नात हळदीला म्हणतात ते एक गाणं वाजवलं. मग अर्धवट सोडलं.

“आवाज ओला आहे,” तो म्हणाला. “थंडी पडली की खुलेल.”

“खुलेल ना. जानेवारीत बघ कसा येतो,” मी म्हणाले.

“हो. जानेवारीत.”

त्यानंतर रोज सकाळी तो स्वतःच मला उठवायचा. “ऊठ, उशीर होईल. पोरं वाट बघत असतील.” मला वाटायचं, बघा, याला काही संशय नाही. एकदाच, एका संध्याकाळी, मी त्याचे पाय चेपत होते तेव्हा त्याने माझा हात थांबवला.

“मिना, समजा…”

“समजा-बिमजा काही नाही. गोळी घे आधी.”

त्याने गोळी घेतली. पुन्हा कधी ‘समजा’ म्हणाला नाही.

तीन ऑक्टोबरला सकाळी साडेदहाला मी फळ्यावर भारताच्या नद्या लिहीत होते. शिपाई दारात आला आणि टोपी काढून उभा राहिला. नर्मदेनंतरचं नाव लिहायचं राहिलं. मी घरी पोचले तेव्हा पप्पांनी त्याचे डोळे मिटले होते आणि हात छातीवर जोडून ठेवले होते.

गिटार मी बाहेरच्या खोलीत भिंतीला टांगली. नाताळ आम्ही केला नाही. जानेवारीत हवा कोरडी झाली, ओठ फुटायला लागले. एका रविवारी मिस्साहून येऊन मी वह्या तपासत बसले होते आणि भिंतीवरून काडी मोडल्यासारखा आवाज आला. गिटार उतरवली. पाठीला मधल्या जोडाच्या बाजूने उभी चीर गेली होती. तळहात फिरवला तर फुगवटा नव्हता, खळगा होता.

ती घेऊन मी शेडमध्ये गेले. पप्पा तिथे नुसतेच बसून असायचे. सिरिल गेल्यापासून त्यांनी हत्यार हातात धरलं नव्हतं.

“फाटली,” मी म्हणाले. “तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. माझा हट्ट नडला.”

पप्पांनी गिटार घेतली, चिरेवरून अंगठा फिरवला. “फाटणारच होती. त्यालाही माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“फाटेल ते. आणि तरी आपण का दाबली ते.”

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि मी तिथल्या भुशात बसले.

“तू चहा टाकायला गेलीस ना,” पप्पा म्हणाले. “त्याने मला विचारलं, ‘पप्पा, किती महिने?’”

“आणि तुम्ही सांगितलंत. क्रूस हातात धरून शपथ घेतली होतीत.”

“तोंडातून शब्द नाही काढला.” त्यांनी हात वर केला आणि दोन बोटं दाखवली.

“तो ओळखेल हे तुम्हाला आधीच माहीत होतं.”

“गिटार बांधणारा होता तो, मिना. त्याला न कळून कसं चालेल. मी नाही म्हणत होतो ते लाकडासाठी नव्हतं. तुला सांगायला गेलो तर तू बोलू दिलं नाहीस. मग मला वाटलं, कळू दे. मलाही सहन होत नव्हतं. माझा मुलगा जातोय आणि मी त्याच्याशी पॉलिशच्या गोष्टी करतोय.”

“मग मला का नाही सांगितलंत? सात आठवडे होते.”

“त्याने हात जोडले माझ्यापुढे. म्हणाला, ‘मला कळलंय हे मिनाला सांगू नका. ती एवढ्याच एका आधारावर उभी आहे. तो काढला तर पडेल.’”

त्या वर्षी आमच्या घरात सगळ्यांनी आपापल्या शपथा पाळल्या. पप्पा आता थांबत नव्हते, एकेक सांगत होते. फादर तीनदा येऊन गेले होते, मी शाळेत असताना. सिरिलने कबुली दिली होती, तेल लावून घेतलं होतं, कम्युनियन घेतलं होतं. मी यायच्या आत कपाळ पुसून काढायचा. बाप-लेक आईच्या गोष्टी बोलत बसायचे. एकदा दोघे मिळून रडले होते. सप्टेंबरभर तो बेचव दुधी खात होता आणि वर मला म्हणत होता, आज मीठ बरोबर पडलंय. सगळ्यांनी त्याचा निरोप घेतला. फादरांनी घेतला, पप्पांनी घेतला. फक्त मी राहिले, आणि तेही मीच बांधलेल्या भिंतीच्या पलीकडे. मला पप्पांचा इतका राग आला की गिटार हिसकावून त्यांच्याच अंगावर फेकावी असं वाटलं. आणि हेवाही वाटला. तो जास्त वाटला.

“शेवटी तरी,” मी म्हणाले, “शेवटी तरी मला बोलवायचं नाही सुचलं? शाळा पाच मिनिटांवर आहे.”

पप्पांनी गिटार खाली ठेवली.

“निघालो होतो. चप्पल घातली होती. त्याने हात धरला माझा. ‘नको,’ म्हणाला. ‘आली की तिला परत हसावं लागेल.’”

याला आता बावीस वर्षं झाली. पप्पा जाऊनही बारा झाली. मी निवृत्त झाले, घर नवं बांधलं, शेडच्या जागी भाच्याची गाडी उभी असते. पण सिरिलशी माझं या एका गोष्टीवरून अजून भांडण आहे. स्वयंपाक करताना, वाटेने चालताना, मध्येच मी त्याला म्हणते, हसले असते रे मी. इतके महिने हसले, आणखी एक तास हसले असते. तुझ्याजवळ बसून हसले असते.